उणे पंचवीसमध्ये हीट पंप: तुमचे प्रश्न, माझे हिशेब

मागच्या अंकात हिवाळ्यातल्या बिलांवर लिहिताना मी हीट पंपाचा उल्लेख जाता जाता केला होता. त्यावर इतकी पत्रं आली की बाकीचे विषय बाजूला ठेवून या वेळचं सदर त्यालाच देतेय. नव्या वाचकांसाठी ओळख: मी सांगलीच्या वालचंद कॉलेजची मेकॅनिकल इंजिनिअर. पहिली नोकरी तासगावला, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर. आता ओटावात राहते आणि लोकांच्या घरांचा उष्णतेचा हिशेब करून देते. तासगावला खोलीतली उष्णता उपसून बाहेर टाकायचो, इथे बाहेरची उपसून आत आणायची; यंत्र तेच. मी यंत्रं विकत नाही, हेही आधीच सांगून ठेवते, कारण दोन पत्रांत तसा संशय होता.

प्रश्न: आमचं घर १९९६ चं, दोन मजली, साधारण दोन हजार चौरस फूट, खाली बेसमेंट. गॅसची फर्नेस ८०,००० बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचं माप, इथे ताशी), ९५ टक्के कार्यक्षमतेची, अकरा वर्षांची, ठणठणीत. एसी मात्र या उन्हाळ्यात गेला. एक काँट्रॅक्टर म्हणतो, चार टनांचा हीट पंप लावा, गॅस तोडून टाका, बिल निम्मं होईल. दुसरा म्हणतो, ओटावात हीट पंप म्हणजे पैसे पाण्यात, मुकाट्याने एसी घ्या. कोणाचं ऐकू? जानेवारीचं आणि जुलैचं बिल सोबत पाठवतोय.
(बारहेवन, ओटावा)

उत्तर: दोघांचंही ऐकू नका. तुम्ही मला न मागता बिलं पाठवलीत, त्या दोघांनी मात्र ती बघायलाही मागितली नाहीत. बिल न बघता टन सांगणारा माणूस अंदाजपंचे बोलतोय, मग तो चार म्हणो की शून्य.

थंडीत हीट पंप चालतो का, या प्रश्नाची तड केव्हाच लागली आहे. नॉर्वेत निम्म्याहून जास्त घरांत ते आहेत. आता विचारायचं ते एवढंच, की तुमचं घर कडाक्याच्या दिवशी किती उष्णता गमावतं आणि ती भरून काढायला तुमच्याकडे वीज आणि गॅस कोणत्या भावाने पडतात. पहिल्याचं उत्तर तुमच्याच बिलात आहे. कागद-पेन्सिल घेऊन बसा, दहा मिनिटांचं काम आहे.

जानेवारीत तुम्ही ४८० घनमीटर गॅस जाळलात. जुलैत ५०, म्हणजे तो आंघोळीच्या पाण्याचा आणि शेगडीचा. हिवाळ्यात नळाचं पाणी जास्त गार येतं म्हणून ५० ऐवजी ६० धरू. उरले ४२०, ते घर गरम ठेवायला गेले. एका घनमीटरमध्ये साधारण १०.४ युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जा असते. तुमची फर्नेस त्यातली ९५ टक्के घरात देते. ४२० गुणिले १०.४ गुणिले ०.९५, म्हणजे सुमारे ४,१५० युनिट. जानेवारीचे तास ७४४. भागाकार केला की सरासरी ५.६ किलोवॅट येतात.

ओटावाचं जानेवारीचं सरासरी तापमान उणे दहाच्या आसपास असतं. आत तुम्ही २१ ठेवता, पण माणसं, दिवे, फ्रिज, खिडकीतून येणारं ऊन यांची उष्णता फुकट मिळते, म्हणून हिशेब १८ पासून करायचा. अठरा ते उणे दहा, फरक २८ अंशांचा. ५.६ भागिले २८: बाहेर एक अंश उतरला की तुमचं घर ०.२ किलोवॅट जास्त मागतं. हा आकडा फर्नेसच्या अंगावर खडूने लिहून ठेवा. यापुढे जो कोणी तुमच्या बेसमेंटमध्ये यंत्र विकायला उतरेल, त्याला आधी तो दाखवा.

ओटावाचं डिझाइन तापमान उणे २५. म्हणजे जानेवारीतल्या फक्त अडीच टक्के तासांत, साधारण अठरा-एकोणीस तास, पारा त्याच्याही खाली जातो. अठरा ते उणे २५ म्हणजे ४३ अंश, गुणिले ०.२, झाले ८.६ किलोवॅट, बीटीयूच्या भाषेत सुमारे २९,०००. तुमची फर्नेस ८०,००० ची आहे! वर्षातल्या सगळ्यात वाईट रात्रीही ती तासातली वीस-पंचवीस मिनिटं चालते आणि उरलेला वेळ बसून राहते. इथल्या बहुतेक घरांत हेच आहे. तेव्हा ‘८०,००० च्या फर्नेसच्या जागी चार टन तर हवेतच’ हे गणित मुळात चुकीच्या आकड्यापासून सुरू होतं.

एक टन म्हणजे १२,००० बीटीयू, पण तो छापील आकडा बाहेर आठ-नऊ अंश असतानाचा. थंडी वाढली की यंत्राची ताकद उतरते आणि घराची मागणी चढते. थंड हवामानासाठी बनवलेला चांगला तीन टनांचा पंप उणे १५ ला तीस हजारांच्या आसपास देतो. त्या वेळी तुमचं घर मागतं २२,५००. उणे २० ला जेमतेम जुळतं. उणे २५ ला थोडा कमी पडतो. तेव्हा फर्नेस आहेच की.

आणि चार टन घेतले तर? प्रत्येक टनाला मिनिटाला ४०० घनफूट हवा लागते. चार टनांना १,६००. तुमच्या १९९६ च्या डक्टमधून एवढी हवा नेली तर दिवाणखान्यात शिट्टी वाजेल आणि वरच्या मजल्याच्या टोकाच्या बेडरूमला तरीही काही पोचणार नाही. उन्हाळ्यात तर अजून वाईट: मोठं यंत्र पाच मिनिटांत खोली गार करून बंद पडतं, हवेतला दमटपणा तसाच राहतो. गार, पण चिकट. तीनच्या वर जाऊ नका, अडीचही चालेल.

आता पैसे, कारण ‘बिल निम्मं’ हे वाक्य मला फार खटकलं. तुमच्या बिलावर स्थिर आकार सोडून गॅस घनमीटरला ४० सेंट पडतो. त्यातून घरात ९.९ युनिट उष्णता येते, म्हणजे युनिटला चार सेंट. वीज तुम्हाला सगळं धरून १३ सेंट. तेरा भागिले चार, सव्वातीन. हीट पंपाने एका युनिट विजेत सव्वातीन युनिट उष्णता दिली तर तो गॅसच्या बरोबरीला येतो. या गुणोत्तराला आमच्यात सीओपी म्हणतात. चांगल्या पंपाचा सीओपी आठ अंशांना चारच्या आसपास, शून्याला तीन-सव्वातीन, उणे १५ ला दोनच्या जवळपास. थोडक्यात, ऑक्टोबर, एप्रिल आणि मार्चचे बरे दिवस हे पंपाचे. जानेवारीत गॅस स्वस्त. १ एप्रिल २०२५ पासून घरगुती गॅसवरचा केंद्राचा कार्बन आकार शून्य झाला, त्याने पारडं गॅसकडे आणखी झुकलं. काँट्रॅक्टरचं बोलणं त्याआधीच्या गणितातही बसत नव्हतं.

पण यात एक गंमत आहे. ऑन्टारियोत रात्री ११ ते सकाळी ७ फार स्वस्त विजेची एक दरयोजना मिळते; त्या बदल्यात कामाच्या दिवशी दुपारी ४ ते रात्री ९ वीज भलतीच महाग. गॅस आणि पंप दोन्ही असलेल्या घराला ही योजना जणू मापाने शिवलेली आहे. रात्रीची वीज सगळं धरून सहा-सात सेंटांना पडली तर दीड-पावणेदोनचा सीओपीही पुरतो, म्हणजे उणे १५ च्या रात्रीही पंपच चालवा. संध्याकाळी चार वाजले की फर्नेस. हे आपोआप करणारा थर्मोस्टॅट मिळतो, पण तो तुमच्या पंपाशी बोलतो की नाही, हे आधी लिहून घ्या. काही यंत्रांना आपल्याच कंपनीचा थर्मोस्टॅट लागतो आणि त्यात वेळापत्रकाने इंधन बदलण्याची सोय नसते. या एका गोष्टीवरून मी लोकांना सही झालेली कोटेशनं फिरवायला लावली आहेत.

तर माझा सल्ला. एसी तसाही घ्यायचाच आहे. हीट पंप म्हणजे उलटाही चालणारा एसी. निव्वळ एसी आणि थंडीचा पंप, दोन्हींची लेखी किंमत घ्या आणि फक्त फरकाकडे बघा. तो फरक झेपत असेल तर पंप घ्या, फर्नेस ठेवा, गॅस तोडू नका. बिल फारसं उतरणार नाही. धूर मात्र नक्की उतरेल: एक घनमीटर गॅस जाळला की १.९ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, आणि ऑन्टारियोची वीज मुख्यतः अणुऊर्जेची आणि पाण्याची, कोळसा तर २०१४ मध्येच बंद झाला. या कारणासाठी पंप घ्यायचा असेल तर जरूर घ्या, मीही घेतला. बिल निम्मं करायला मात्र नको.

कोटेशनमध्ये उणे १५ आणि उणे २५ ला किती बीटीयू, किती सीओपी, हे मॉडेल नंबरासकट मागा. ‘नीप’ या ईशान्य अमेरिकेतल्या संस्थेची थंड हवामानाच्या पंपांची यादी फुकट बघायला मिळते. त्यात यायला उणे १५ ला किमान १.७५ सीओपी लागतो. यादीत नसलेलं यंत्र ‘तसंच आहे हो’ म्हणून कोणी देत असेल, तर ते तसं नाही.

प्रश्न: मी पुण्यात राहतो, निवृत्त पदार्थविज्ञान शिक्षक. मुलगी-जावई विनिपेगला असतात. जावई म्हणतात, एक युनिट विजेत दोन युनिट उष्णता मिळणार, तीही उणे वीसच्या हवेतून. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आम्ही जन्मभर शिकवला. हे कसं?
(कोथरूड, पुणे)

उत्तर: सर, नियम शाबूत आहे. जावईबापूही बरोबर आहेत. विजेचं एक युनिट काँप्रेसर फिरवायला जातं, आणि त्याच्या जोरावर दुसरं युनिट बाहेरच्या हवेतून उचललं जातं. घरात दोन पोचतात. नवीन काही निर्माण होत नाही, हमाली होते.

उणे वीसच्या हवेत उष्णता कुठून, तर केल्विनमध्ये बघा: २५३. शून्यापासून बरंच वर आहे की. पंपाच्या नळ्यांतून फिरणारा आर-३२ हा वायू साध्या दाबाला उणे ५२ सेल्सिअसला उकळतो. बाहेरच्या कॉइलमध्ये तो उणे २६-२७ ला उकळत ठेवला की उणे वीसची हवा त्याला गरमच. तुमच्या स्वयंपाकघरातला फ्रिज उणे अठराच्या कप्प्यातली उष्णता काढून मागच्या जाळीवर टाकतो, ती जाळी हाताला कोमट लागते. तेच हे.

कार्नोची मर्यादा, म्हणजे कोणत्याही यंत्राला ओलांडता न येणारी सीओपीची हद्द, काढायची तर हवेची तापमानं घेऊ नका, कॉइलची घ्या. आतली ४० अंश म्हणजे ३१३ केल्विन, बाहेरची उणे २६ म्हणजे २४७. ३१३ भागिले ६६, म्हणजे ४.७. खरं यंत्र घर्षण, पंखे, कॉइलवरचा बर्फ वितळवणं, सगळ्याची वजावट करून याच्या निम्म्याच्याही खाली येतं. जावयांचे दोन म्हणजे चांगल्या यंत्राची कामगिरी. नव्या पंपांत दाबण्याच्या मधल्या टप्प्यावर थोडा वायू काँप्रेसरमध्ये परत सोडतात, त्याने एवढ्या मोठ्या दाबफरकातही तो तापून बंद पडत नाही. पंचवीस वर्षांपूर्वीच्या पंपांकडे हे नव्हतं. ‘थंडीत चालत नाही’ ही ख्याती तिथली.

मुलीला मात्र एक सांगा. विनिपेगचं डिझाइन तापमान उणे ३३. बरेच पंप उणे २५-३० ला हात टेकतात, त्यामुळे दुसरी सोय लागतेच. मॅनिटोबात वीज पाण्याची आणि स्वस्त आहे, आणि जमिनीत नळ्या पुरून त्यातून उष्णता घेणारे पंपही तिथे बरेच दिसतात, कारण खोलवर जमीन बारा महिने पाच-सहा अंशांच्या आसपास असते. अंगण आणि खिसा दोन्ही मोठे असतील तर त्यांनी तो भाव काढावा.

प्रश्न: गॅस आम्हाला सगळे आकार धरून गिगाज्यूलला ६ डॉलर, वीज १७ सेंट. एडमंटनला हीट पंप परवडेल का?
(एडमंटन)

उत्तर: पैशाने नाही. एक गिगाज्यूल म्हणजे २७८ युनिट, ९५ टक्के फर्नेसमधून २६४. सहाशे सेंट भागिले २६४, सव्वादोन सेंट. बरोबरीला यायला साडेसातचा सीओपी हवा. एडमंटनच्या हिवाळ्यात तो देणारं यंत्र कुठे नाही. शिवाय अल्बर्टाची वीज बहुतांशी गॅस जाळूनच होते, म्हणजे धुराचा फायदाही ऑन्टारियोइतका नाही. आणि १३ जानेवारी २०२४ ची संध्याकाळ आठवत असेलच, सगळ्यांचे फोन एकदम कोकलले होते: वीज जपून वापरा.

तेच पैसे अ‍ॅटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यात घाला. अ‍ॅटिकचं झाकण, बेसमेंटमध्ये पाया आणि लाकडी चौकट जुळते ती कडा, दिव्यांची भोकं: आधी या फटी बुजवा, मग वर इन्शुलेशन. उलट क्रमाने केलंत तर घरातली ओल फटींतून वर जाऊन नव्या इन्शुलेशनमध्ये गोठेल आणि मार्चमध्ये छतावर डाग उमटतील.

प्रश्न: पोर्टलंड, मेनला जुनं घर घेतलं. तळघरात तेलाचा बॉयलर, खोल्यांत गरम पाण्याचे रेडिएटर, डक्ट नाहीत. तेल गॅलनला ३.७० डॉलर, वीज २७ सेंट. काँट्रॅक्टर म्हणतो बाहेर एक मोठं युनिट आणि आत पाच खोल्यांत पाच डोकी (भिंतीवरची हवा सोडणारी यंत्रं) लावू, बॉयलर काढून टाकू. शिवाय सरकार तीस टक्के परत देतं म्हणाला.
(पोर्टलंड, मेन)

उत्तर: शेवटापासून सुरू करते. ती केंद्राची करसवलत, तीस टक्के आणि जास्तीत जास्त २,००० डॉलर, ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत बसवलेल्या यंत्रांसाठी होती. संपली. राज्याच्या योजनेचं विचारा. मेनने २०२५ पर्यंत एक लाख पंप बसवायचं ठरवलं होतं आणि तो आकडा २०२३ मध्येच गाठला, त्यामुळे तिथे हे काम जाणणारे कारागीर तरी नक्की भेटतील. या माणसाला मात्र दुसरा पर्याय शोधा.

हिशेब: गॅलनभर तेलात ४०.६ युनिट, बॉयलर जुना म्हणून ८४ टक्के धरते, ३४ युनिट. म्हणजे युनिटला जवळजवळ अकरा सेंट. २७ भागिले ११, अडीच. चांगला भिंतीवरचा पंप शून्याच्या आसपास याच्या वर असतो, उणे दहाच्या खाली नसतो. फायदा आहे, पण तो बॉयलर ठेवूनच.

पाच डोक्यांना माझा विरोध आहे. एका बाहेरच्या युनिटवर पाच डोकी टांगली की त्याला फार कमी वेगाने चालता येत नाही. एप्रिलमध्ये एकाच बेडरूमला थोडीशी ऊब हवी असते तेव्हा ते भसकन सुरू होतं, बंद होतं, पुन्हा सुरू होतं, आणि कागदावरचा सीओपी कागदावर राहतो. त्याऐवजी दोन सुटे जोड (प्रत्येकी बाहेर एक युनिट, आत एक डोकं) घ्या: एक खाली, माणसं दिवसभर वावरतात तिथे, दुसरा वर जिन्याच्या तोंडाशी. दोन्ही स्वतंत्र. बाथरूम आणि दारं लावून झोपायच्या खोल्या रेडिएटरवर राहू द्या.

आणि एक, जे विकणारा सांगत नाही. आज तुमचं तळघर बॉयलरच्या अंगच्या उष्णतेने फुकट गरम राहतं. बॉयलर चालेनासा झाला की तळघर गारठतं, आणि पाण्याचे नळ तिथूनच जातात. बाहेरच्या भिंतीला लागून गेलेला नळ फेब्रुवारीत फुटला की तेलाची सगळी बचत प्लंबरकडे जाते. तळघराच्या भिंतींना इन्शुलेशन करा, किंवा कडाक्याच्या दिवसांत रोज थोडा वेळ बॉयलर फिरू द्या. हीट पंपच रेडिएटरना जोडण्याची कल्पना कोणी काढली तर विचारा, पाणी किती अंशांचं? तुमचे रेडिएटर सत्तर-ऐंशी अंशांच्या पाण्याच्या मापाने लावलेले असणार. बरेच पंप पन्नास-पंचावन्नला थांबतात.

प्रश्न: गेल्या वर्षी गॅस काढून हीट पंप लावला. सासूबाई आल्या आहेत, त्या म्हणतात हे यंत्र गार वारा सोडतं. हात लावून बघितलं तर मलाही तसंच वाटतं. शिवाय बिल फुगलंय. रात्री आम्ही १६ वर उतरवतो, सकाळी सहाला २२ करतो, तरी!
(ब्रॅम्प्टन)

उत्तर: ‘तरी’ नाही हो, त्यामुळेच! पण आधी सासूबाई.

फर्नेसमधून येणारी हवा पन्नास-साठ अंशांची असते. पंपाची ३५ ते ४०. आपली त्वचा तेहेतीस-चौतीसला असते, त्यामुळे ३५ अंशांची हवासुद्धा वेगाने अंगावर आली की गारच लागते, ओला हात असेल तर जास्तच. हात लावून यंत्र तपासू नका, खोलीतला थर्मामीटर बघा. त्यात २१ दिसत असतील तर यंत्र ठीक आहे आणि खुर्ची चुकीच्या जागी आहे. सासूबाईंची खुर्ची जमिनीवरच्या जाळीच्या झोतातून बाजूला घ्या, जाळीवर प्लास्टिकचा वळवणारा पत्रा बसवा (हार्डवेअरच्या दुकानात किरकोळ किमतीला मिळतो), पंख्याचा वेग ‘ऑटो’ वर ठेवा. सासूबाईंना यंत्रशास्त्र समजावू नका. शेजारी चहा ठेवा.

आता बिल. सकाळी सहाला तुम्ही एकदम सहा अंश मागता. पंप हळूहळू चढणारा गडी आहे. थर्मोस्टॅट बघतो की फरक मोठा आहे, आणि डक्टमधली विजेची शेगडी लावून देतो. तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून ती १० किलोवॅटची दिसते: ४२ अँपिअर, तासाला १० युनिट, तेरा सेंटांनी एक डॉलर तीस. रोज दोन तास म्हटलं तरी महिन्याला ७८ डॉलर, आणि तिचा सीओपी जेमतेम एक. थर्मोस्टॅटवर ‘ऑक्झ’ असं दिसतं तेव्हा तीच चालू असते. फर्नेसच्या घरात रात्री उतरवण्याची सवय चांगली होती. पंपाच्या घरात चोवीस तास २१ ठेवा, फार तर रात्री एक अंश कमी. आणि बसवणाऱ्याला बोलावून शेगडीची मर्यादा लावून घ्या, बाहेर अमुक अंशांच्या वर ती सुरूच होऊ नये म्हणून. टोरोंटोच्या बाजूला उणे दहाच्या वर तिची गरज पडत असेल तर पंप लहान आहे किंवा त्यात वायू कमी आहे. हे सेटिंग कारखान्यातून येतं तसंच सोडून जाणारे बरेच असतात. पंधरा मिनिटांचं काम, पण ते कोणाच्या बिलात दिसत नाही ना.

प्रश्न: १९९८ च्या बर्फाच्या वादळात आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. सगळं विजेवर न्यायचं म्हणजे भीती वाटते.
(मॉन्ट्रियल)

उत्तर: भीती रास्त आहे, पण गॅसची फर्नेसही विजेशिवाय सुरू होत नाही, तिचा पंखा विजेवरच चालतो. फरक एवढाच की तिला पाच-सहाशे वॉट पुरतात, म्हणजे दोन किलोवॅटचा लहान जनरेटरही चालतो. तीन टनांचा पंप थंडीत तीन ते पाच किलोवॅट ओढतो, तोही २४० व्होल्टवर. तुमच्याकडे लाकडाची शेगडी असेल तर ती काढू नका आणि धुराडं दरवर्षी साफ करून घ्या. जनरेटर गराजमध्ये दार उघडं ठेवूनही लावायचा नाही. त्याच्या धुराने त्या वादळातही माणसं गेली.

प्रश्न: नवीन पंप आहे. थंडीत अधूनमधून घरघर आवाज येतो, बाहेरच्या युनिटमधून भसाभस पांढरा धूर निघतो, आणि खाली पायवाटेवर बर्फाची लादी जमली आहे. शेजारच्या बाईंनी अग्निशमन दलाला फोन करायला घेतला होता. यंत्र बदलून मागू का?
(सेंट पॉल, मिनेसोटा)

उत्तर: शेजारीणबाईंना सांगा, ती वाफ आहे. बाहेरची कॉइल हवेपेक्षाही गार असते, हवेतली ओल तिच्यावर गोठते. दहिवर जाड झालं की यंत्र काही मिनिटं उलटं फिरतं, घरातली थोडी उष्णता बाहेर आणून ते वितळवतं. घरघर त्या उलटण्याची, धूर वितळलेल्या पाण्याचा. उणे पंचवीसला हे कमी होतं, कारण तेव्हा हवा कोरडी असते. शून्याच्या आसपासच्या दमट दिवसांत सगळ्यात जास्त.

लादी मात्र बसवणाऱ्याची चूक आहे. पत्रासोबतच्या फोटोत युनिट थेट सिमेंटच्या ओट्यावर दिसतंय, एसी ठेवतात तसं. थंडीच्या पंपाला खाली निदान फूट-दीड फूट उंच लोखंडी घोडी हवी, म्हणजे वितळलेलं पाणी मोकळं पडतं आणि बर्फ साठून पंखा अडत नाही. आणि वर छपराची पन्हाळ असेल तर तिचं पाणी थेट पंख्यावर येणार नाही, एवढं पाहायला हवं. यंत्र बदलून मागू नका, घोडी मागा, आणि पाणी पायवाटेच्या उलट्या बाजूला जाईल अशी ती फिरवून घ्या. तोवर लादीवर वाळू टाका. मीठ नको, ते उडून कॉइलच्या अ‍ॅल्युमिनियमला खातं. युनिटवरचा बर्फ फावड्याने खरवडू नका. फारच झाला तर यंत्र बंद करून बादलीभर कोमट पाणी वरून ओता आणि लगेच सुरू करा.